लंगडण्याची तालीम

“कुंदा, तुला नीट लंगडता येत नाही,” कणसेसर म्हणाले.

रविवारची सकाळ होती. शाळेच्या चित्रकलेच्या हॉलमध्ये बाकं भिंतीला सरकवून आमची तालीम चालली होती आणि मी हॉलच्या मधोमध उभी होते. मी वर्षाचीही नव्हते तेव्हा मला पोलिओ झाला. म्हणजे मी चालायला शिकले तीच लंगडत. या विषयातला माझ्याइतका अनुभव अख्ख्या कराडात फार थोड्यांकडे असेल. पण कलेच्या क्षेत्रात अनुभवाला कोण विचारतं?

“काय चुकतंय सर?” मी विचारलं.

“भीती वाटत नाही.”

“मला बघून आजवर कुणी घाबरलं नाही, हे मी चांगलं लक्षण समजत होते.”

“चेष्टा नको. तो हात काढ बघू आधी. मांडीवरचा. भूत कधी मांडीवर हात टेकून चालतं का?”

“हात काढला तर भूत पडेल, सर.”

खिडकीत बसलेला बबन थोरवत फिस्सकन हसला. त्याची पिठाची गिरणी होती आणि आमच्या प्रत्येक नाटकात नोकर, हवालदार, रखवालदार असलं जे काही असेल ते तो करायचा. सरांनी त्याच्याकडे वळून नुसतं बघितलं. तो मिशीला लागलेलं पीठ झटकायला लागला.

आमचं हौशी नाट्यमंडळ. कणसेसर चित्रकलेचे शिक्षक, आणि मंडळाचे लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार सगळं तेच. दर वर्षी सांगलीला स्पर्धेत नाटक न्यायचं आणि दर वर्षी परीक्षकांना शिव्या देत परत यायचं, हा आमचा शिरस्ता. त्या वर्षी सरांनी भयनाट्य लिहिलं होतं. नाव होतं ‘खाट रिकामी नाही’. टेकडीवरचं एक बंद पडलेलं क्षयाचं सॅनिटोरियम. तिथं नवा दवाखाना काढायला सुमती नावाची एक तरुण डॉक्टर येते. आणि तिथं पूर्वी मेलेली एक पेशंट, अक्का तिचं नाव, पाय ओढत, खोकत, वॉर्डातून फिरत असते. अक्काला वाक्य एकही नाही. तिनं फक्त लंगडायचं, खोकायचं आणि दुसऱ्या अंकात तिघांचे गळे दाबायचे.

ती अक्का मी.

भयकथेचा एक नियम मला त्या नाटकात नीट कळला. चांगली माणसं धडधाकट असतात. ज्याला भ्यायचं त्याचा पाय तरी आखूड असतो, नाहीतर डोळा एक, नाहीतर पाठीला पोक. अंगावर कोड दिसलं की खून यानंच केलाय, पुढं वाचायची गरज नाही. सर्दी झालेलं भूत मात्र मी कधी ऐकलं नाही. सर्दी सगळ्यांनाच होते, मग भ्यायचं कुणी?

“वृंदा, तू दाखव हिला,” सर म्हणाले.

वृंदा पोतदार आमची नायिका. बालवाडीत शिकवायची. दिसायला देखणी, स्वभावानं गरीब, आणि पाठांतराच्या नावानं आनंद. डॉक्टर सुमती तीच करत होती. ती लाजत पुढं आली, पदर खोचला आणि चालायला लागली. अगं बाई! काय चालली! एक पाय असा फरफटत आणला की मागची फरशी पुसून निघाली. खांदा खाली, मान वाकडी, बोटं आखडलेली. वर घोगरा खोकला. बबन खिडकीतून उतरून खाली उभा राहिला.

“हे! याला म्हणतात लंगडणं!” सर टाळी वाजवत म्हणाले. “बघ कुंदा, शीक जरा.”

मी बघितलं. धडधाकट बाई चांगली लंगडते, कारण तिला लंगडायचं असतं. मी जन्मभर उलटा सराव केलेला. लोकांना कळू नये म्हणून पाय किती उचलायचा, साडी कुठल्या बाजूनं सोडायची, रस्ता ओलांडताना कुणाशी तरी बोलत राहायचं. इतकी मेहनत करून मी ते इतकं झाकलं होतं, की आता मला भुतासाठीही नापास केलं होतं.

“सर, मग हिलाच द्या ना अक्का,” मी म्हणाले.

“आणि डॉक्टर कोण करणार?”

“मी आहे की.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वास्तविक वळून बघण्यासारखं काही नव्हतं. मी मंडळाची प्रॉम्प्टर. दर वर्षी विंगेत खुर्चीवर बसून सगळ्यांची सगळी वाक्यं कुजबुजायची, हे माझं काम. नाटक कुणाला येवो न येवो, मला यायचं. आणि दर वर्षी मी सरांना विचारायची, “सर, यंदा एखादी भूमिका?” तेव्हा ते म्हणायचे, “तुझ्याजोगी आली की बघू.” माझ्याजोगी भूमिका म्हणजे काय, ते आता आलं होतं समोर, खोकत.

खरं सांगू? मला ती डॉक्टर फार करायची होती. तिच्यात ग्रेट काही नव्हतं. ती टेबलावर पर्स आपटते, रखवालदाराशी चहावरून वाद घालते, आईला फोन करून खोटं बोलते. एक नेहमीची, जराशी आगाऊ बाई. मला आयुष्यात एकदा लोकांसमोर उभं राहून नुसती आगाऊ बाई व्हायचं होतं. आमच्या पोस्टाच्या काउंटरमागं मी रोज तशीच असते, पण तिथं मी बसलेली असते. उठले की मी दुसरीच कुणीतरी होते.

“मला चालेल,” वृंदा पटकन म्हणाली. “अक्काला पाठांतर नाही ना? मग मला अक्काच द्या, सर.”

ते तिनं माझ्यासाठी केलं की पाठांतर टाळायला, हे मला आजवर कळलेलं नाही. वृंदाचं पाठांतर हा मंडळातला चेष्टेचा विषय होता. आदल्या वर्षी कोर्टाच्या प्रवेशात विंगेतून कुणीतरी “चहा कुणाकुणाला?” असं विचारलं, तर ही बाई न्यायाधीशासमोर हात जोडून “चहा कुणाकुणाला?” म्हणाली होती. विंगेतून जे येईल ते म्हणायचं, अर्थ मागाहून बघायचा, अशी तिची पद्धत.

सर डोकं खाजवायला लागले. “पण कुंदा, प्रेक्षक विचारतील ना. डॉक्टर लंगडी का?”

“वृंदा डॉक्टर करत होती तेव्हा तिचे केस कुरळे का, असं विचारणार होते?”

“ते वेगळं. रंगभूमीवर विनाकारण काही नसतं. पाय आखूड आहे तर त्याला कारण लागतं.”

“पोलिओ झाला म्हणून.”

“पोलिओत काय आहे भ्यायचं?”

“ज्याला झालाय त्याला विचारा,” मी म्हणाले.

सरांना ते आवडलं नाही. पण मला अख्खं नाटक येत होतं आणि प्रयोग तोंडावर आला होता. शेवटी ते म्हणाले, “बरं. कर.” मी घरी गेले ती रस्ताभर एकटीच हसत. भाजीवालीनं विचारलं, “काय ताई, लग्नबिग्न ठरलं का?” म्हटलं, “नाही गं, डॉक्टर झाले.”

पुढच्या तालमीला सर नवीन पान लिहून घेऊन आले. पहिल्या अंकाच्या शेवटी रखवालदार, म्हणजे बबन, कंदील वर करून डॉक्टरला विचारतो, “बाई, तुमचा ह्यो पाय हितंच ऱ्हायला न्हवं?” आणि डॉक्टर शून्यात बघत म्हणते, “होय राघू. लहानपणी मी याच वॉर्डात होते. अक्कानं माझा पाय धरला होता. तो तिनं अजून सोडलेला नाही.” मग खोकला, मग अक्काचा प्रवेश, मग माझी किंकाळी, मग पडदा.

मी पान वाचलं आणि परत त्यांच्या हातात दिलं.

“हे मी म्हणणार नाही, सर.”

“का? किती प्रभावी आहे!”

“माझा पाय भुतानं नेलेला नाही.”

“अगं, तुझा नव्हे, सुमतीचा.”

“सुमतीला पाय मीच देतेय ना?”

सर चिडले. एरवी गरीब माणूस. आवाज कधी चढायचा नाही. पण या नाटकात त्यांच्या अंगात काय आलं होतं कोण जाणे. तालमीत अक्काच्या चालण्यावरून तर ते वृंदालाही छळायचे. “असं नाही, सावकाश. आधी पाऊल, मग थांबायचं, मग दुसरं. खालच्या खोलीत बसलेल्याला वरचं ऐकू आलं पाहिजे.” आता ते मला म्हणाले, “कुंदा, हे वाक्य राहणार. म्हणायचं नसेल तर वृंदा डॉक्टर करेल आणि अक्का मी करीन. लुगडं नेसून.”

बबन मध्ये पडला. “म्हनून टाका की बाई. येक वाक्य तर हाय. मी बी दर साली ‘व्हय मालक’ म्हनतोच की. मला कुटं मालक हाय?”

मी “बरं” म्हणाले. काय करणार? एका वाक्यासाठी बाकीची सगळी सुमती सोडायची माझी तयारी नव्हती. घरी जाऊन मात्र भांडी आदळून घासली. आईनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, पाय धरलाय भुतानं.

सांगलीला चिठ्ठ्या टाकल्या त्यात आम्हाला दुपारचा प्रयोग आला. दुपारी चार वाजता, बाहेर रणरणतं ऊन, थिएटरच्या दाराशी बर्फाच्या गोळ्याची गाडी, आणि आत आमचं भूत. समोर दुसऱ्या मंडळांची टपून बसलेली मंडळी, मागं कुटुंबंच्या कुटुंबं, डब्यातल्या चकल्यांसकट. मी मेकअप करून बसले होते. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला. सर विंगेत माझ्याच नेहमीच्या खुर्चीवर संहिता घेऊन बसले, कारण प्रॉम्प्टर आता रंगमंचावर होती.

“वाक्य लक्षात आहे ना?” तिसऱ्या घंटेआधी त्यांनी विचारलं.

“तुमचं वाक्य कोण विसरेल, सर?”

पडदा उघडला आणि मी आत गेले. तीन-चार पावलं चालले असेन, तेवढ्यात पहिल्या रांगेत कुजबूज झाली. ती मला पाठच आहे. आधी ‘अगं बघ’, मग ‘खरंच आहे की नाटकातलं’, मग ‘शू’. मी पर्स टेबलावर आपटली. चहावरून बबनशी भांडले. लोक हसले, बरोबर जिथं हसायला हवं तिथं. आईला फोन केला आणि इथं पुष्कळ माणसं आहेत गं, एकटी नाहीये मी, असं रेटून सांगितलं. मागच्या रांगेतून एक बाई मोठ्यानं म्हणाली, “आमची सुजू अशीच खोटं बोलते.” देवाशपथ सांगते, त्या वेळी मला पाय होता की नव्हता हे माझ्या लक्षातही नव्हतं.

मग दिवे मंद झाले. बबननं कंदील उचलला.

“बाई,” तो म्हणाला, “तुमचा ह्यो पाय हितंच ऱ्हायला न्हवं?”

आमच्या काउंटरवर दिवसातून एकजण तरी हमखास विचारतो. मनिऑर्डर करायला येतो, मी शिक्का आणायला उठते, आणि हा विचारतो, “बाई, पायाला काय झालं?” माझं उत्तर ठरलेलं असतं. ते सवयीनं तोंडातून गेलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खोटं. सरांचं वाक्य जिभेवर आलं होतं, अगदी दातांपर्यंत. मी ते गिळलं.

“पोलिओ,” मी म्हणाले. “पुढं बोला.”

थिएटर खदखदून हसलं.

“कुंदा!” विंगेतून सर फुत्कारले. “अक्कानं धरला! अक्कानं!”

बिचारा बबन. त्याला आपलं पुढचं वाक्य तेवढं ठाऊक. त्यानं डोळे मोठे केले, कंदील थरथरवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “मंजी… ती अजून हाय?”

“कोण, पोलिओ? नाही हो. आता डोस मिळतो.”

आता लोक खुर्च्यांवर हात आपटायला लागले. टपून बसलेली मंडळी तर सगळ्यांत जास्त. दुसऱ्याचं नाटक पडताना बघण्यासारखं सुख नाही. आणि त्याच क्षणी, ठरल्याप्रमाणे, खोकला ऐकू आला आणि वृंदा आत आली. पाय फरफटत, मान वाकडी, बोटं आखडलेली.

“आली बघा पोलिओवाली!” मागून कुणीतरी ओरडलं.

हसण्याची जी लाट आली ती काही थांबेना. वृंदा मध्यावर येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांची तिची मेहनत, आणि लोक तिच्या पायाकडे बोट दाखवून हसत होते. पांढऱ्या रंगाखाली तिचा चेहरा पडला. तिनं मला शोधलं. नजरेत रागही नव्हता, नुसतं ‘आता मी काय करू’ एवढंच.

मला माझं सगळं आगाऊपण एका क्षणात आठवलं आणि नकोसं झालं. ही नजर माझी होती. पाचवीत लंगडीच्या खेळात मला मध्ये उभं करून पोरी हसल्या होत्या, तेव्हाची.

आता खरं तर मी किंकाळी फोडायची होती. मी खुर्चीवरून उठले. टेबलापासून वृंदापर्यंत अर्धा रंगमंच होता. मी चालत गेले, मांडीवर हात टेकून, जशी रोज चालते तशी. एका बाजूला तिचं लंगडणं, दुसऱ्या बाजूला माझं. लोकांनी दोन्ही बघितलं. हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत विझत गेलं, कारण आता नेमकं कुणाला हसायचं ते त्यांना ठरवता येईना.

“या,” मी म्हणाले. “बसा खाटेवर.”

वृंदा बसली. दुसरं काय करणार होती ती? मी स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसले. डॉक्टर होते ना मी. दवाखाना काढायला आले होते.

“कधीपासून आहे हे?”

अक्काला वाक्यच नव्हतं. वृंदानं विंगेकडे पाहिलं. मीही पाहिलं. सर संहिता मांडीवर पालथी घालून बसले होते.

“लग्नाआधीपासून,” सर कुजबुजले.

“लग्नाआधीपासून,” वृंदा म्हणाली.

हे कुठल्याच पानावर नव्हतं. नाटकातली सगळी पानं मला येत होती.

“मग लग्न?”

“मोडलं,” विंगेतून आलं.

“मोडलं,” वृंदा म्हणाली.

“इथं कोण भेटायला येतं?”

एवढ्या मोठ्या थिएटरात चकली मोडल्याचा आवाज नव्हता.

“भाचा,” सर म्हणाले. “दारातून बघायचा. आत यायचा नाही. त्याला सांगितलं होतं, आत गेलास तर तुझाही पाय वाळेल.”

वृंदानं ते जसंच्या तसं म्हटलं. तिच्या बालवाडीच्या मऊ आवाजात. मला आता थांबायला हवं होतं, पण जीभ ऐकेना.

“तुम्ही बोलवायचात त्याला?”

“रोज,” विंगेतला आवाज चिरकला. “वरून तिच्या पायांचा आवाज आला की… तो पांघरूण घ्यायचा डोक्यावरून. तिच्या हातचं खाल्लं नाही कधी. लाडू ठेवायची उंबऱ्यावर. तो गटारात टाकायचा.”

“वरून पायांचा आवाज आला की तो पांघरूण घ्यायचा,” वृंदा म्हणाली. “माझ्या हातचं खाल्लं नाही कधी. लाडू ठेवायची मी उंबऱ्यावर. गटारात टाकायचा. मी खिडकीतून बघायची.”

शेवटचं वाक्य विंगेतून आलेलं नव्हतं. ते तिचं तिनंच घातलं. वृंदा पोतदारनं, जिला आजवर एक ओळ स्वतःहून सुचली नव्हती.

“त्याला काही सांगायचंय का?” मी विचारलं.

वृंदा विंगेकडे बघत राहिली. मीही. सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. तिकडून काही येणार नाही हे तिलाही कळलं. तिनं मान सरळ केली, बोटं सोडली.

“जेवून जा म्हणावं,” ती म्हणाली.

कुठंतरी मागं एका बाईनं हुंदका दिला. पडदा कुणी टाकेना, कारण पडद्याची खूण सरच करायचे. शेवटी बबननं डोळे पुसले, कंदील उचलला आणि म्हणाला, “बाई, मी ताट वाढाय सांगतो.” आणि विंगेत जाऊन त्यानंच दोर ओढला.

दुसरा अंक व्हायचा तो झालाच, नियम आहे ना. त्यात अक्कानं ठरल्याप्रमाणे तिघांचे गळे दाबले. नुकतंच जेवायला बोलावलेल्या बाईनं असं का करावं, ते लोकांना काही समजेना. निकालात आमचं नाव कुठंच नव्हतं. परीक्षकांनी लिहिलं होतं, ‘भयनाट्यात भय आढळले नाही. लेखकाचा गोंधळ झाला आहे.’ इतकं अचूक निरीक्षण त्यांनी त्याआधी कधी नोंदवलं नव्हतं.

सांगलीहून परतताना टेम्पोत मागं सामान आणि आम्ही. सर अक्काच्या खाटेवर बसले होते, मी त्यांच्या शेजारी. दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. मला वाटलं, आता बोलतील. माझं नाटक धुळीला मिळवलंस म्हणतील. उत्तरं तयार ठेवली होती मी, एकाहून एक झणझणीत.

“हाडाचा होता,” सर म्हणाले. “तिचा टीबी. कमरेच्या हाडाचा. तो लागत नाही कुणाला.”

“हो, सर.”

“आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही मोठेपणी कळलं.” ते बाहेरच्या उसाकडे बघत होते. “आणि खोकला मी घातला, कुंदा. आत्या कधी खोकली नाही.”

माझी सगळी उत्तरं वाया गेली. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही, आणि त्या आत्याबद्दल तर असं भरून आलं की मी बबनच्या पिठाळ उपरण्यात नाक शिंकरलं. खड्डा आला की खाट उडायची, तेव्हा आम्ही दोघं ती घट्ट धरून ठेवत होतो.

कित्येक महिने सर तालमीचं नाव काढेनात. मंडळ बंद पडलं असंच सगळे धरून चालले होते. मग एका दुपारी ते पोस्टात आले. रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर जाळीतून एक जाड वही आत सरकवली.

“नवीन नाटक. घरगुती आहे. मालतीची भूमिका बघ.”

“काय करते ही मालती?”

“भांडते. नणंदेशी, घरमालकाशी. नवऱ्याला सोडून जाते, मग दोन दिवसांनी कपडे न्यायला येते आणि पुन्हा भांडते.”

मी पानं चाळली. मालती येते, मालती जाते, मालती जिना उतरते. सगळीकडे शोधलं. काही नव्हतं. रांगेतला मागचा माणूस खाकरायला लागला.

“सर, आणि पाय?”

“त्याचं काय?” सर म्हणाले. “जिना जड जात असेल तर सांग, एक पायरी कमी करतो.”

त्या वर्षीही आमचा नंबर आला नाही. परीक्षकांच्या शेऱ्यांचा कागद वृंदानं मोठ्यानं वाचून दाखवला. वृंदाबद्दल पाठांतर कच्चं. बबनबद्दल सहज. आणि माझ्याबद्दल एकच ओळ: ‘मालती : आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही.’

मी तिच्या हातातून कागद ओढून घेतला आणि पुन्हा वाचला. मागं उलटून बघितलं, कुठं पाय आहे का. एवढंच होतं. मला रडूच फुटलं. वृंदानं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, “जाऊ दे गं, वाईट नको वाटून घेऊस, यांना काय कळतंय?”

वाईट तर मला वाटलं होतंच. माझा आवाज पोचतो. मागच्या रांगेत खुद्द माझी आई बसली होती, तिला विचारा.